बेळगाव-खानापूर-निपाणीकडून पहिली प्रेमकादंबरी काढताय? मग हे सगळं आधी वाचून घ्या

छापखान्यात जायच्या आधी एक वही घ्या आणि त्यात माणसांची नावं लिहा. पुस्तक फुकट मागणारे एका बाजूला, मानापायी विकत घेऊन शोकेसमध्ये ठेवणारे दुसऱ्या बाजूला, आणि वाचून चार जणींना "अगं वाच की" म्हणणाऱ्या तिसऱ्या बाजूला. ही तिसरी यादी जेवढी लांब तेवढी तुमची पहिली आवृत्ती, बाकी सगळा माळ्यावरचा माल. पुण्या-मुंबईतल्या लेखकाला तयार दुकानं असतात, आपल्याकडं सीमाभागात मराठी पुस्तक हातोहात जातं, भिशीतून, महिला मंडळातून, वाचनालयातून, संमेलनातल्या टेबलावरून. म्हणून आधी वाचणारे मोजा, मग प्रती ठरवा. मी पुढं जे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

आणि हो, पुस्तकाला "प्रेमकादंबरी" म्हणायला लाजू नका. कव्हरवर "एका स्त्रीच्या अंतर्मनाचा शोध" वगैरे लिहून आत हिरो-हिरॉइन निघाले की दोन्हीकडचे वाचक नाराज होतात. प्रेमकथा वाचणारीला शेवटी ती दोघं एकत्र येणार की नाही याची साधारण खात्री पाहिजे असते, तुमचा शेवट रडका असेल तर मागच्या कव्हरवरच्या मजकुरात तसा अंदाज द्या.

लिहून झालं, आता लगेच छापायचं नाही

कादंबरी साधारण ५०-५५ हजार शब्दांची असेल तर डेमी आकारात (म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकारात) २०० पानांच्या आसपास बसते, पहिल्या पुस्तकाला एवढं पुष्कळ झालं. आधी तीन-चार जणींना वाचायला द्या, पण त्यात निदान एक अशी पाहिजे जी तुम्हाला ओळखत नाही आणि एक अशी जी रोज रात्री फोनवर मालिका वाचते. बहीण, मैत्रीण "छान आहे गं" एवढंच म्हणणार, तिचा काय दोष. विचारायचं असं की कुठल्या पानावर झोप आली, कुठं हिरोचा राग आला, कुठलं पान परत वाचलं.

प्रतिलिपीवर, म्हणजे फोनवर गोष्टी लिहायच्या-वाचायच्या ॲपवर, भाग टाकून बघणं हा पण चांगला मार्ग आहे, ती बंगळुरूची कंपनी २०१४ पासून आहे आणि मराठीत तिथं सगळ्यात जास्त चालतात त्यातल्या एक म्हणजे प्रेमकथाच. कुठल्या भागानंतर वाचणारे गळतात ते लगेच दिसतं. फक्त सगळी कादंबरी तिथं टाकायची का हे ई-बुकचा विचार करून ठरवा, त्याबद्दल खाली सांगते.

आता मुद्रितशोधन. इथं आपल्या भागातल्या लेखकाला एक वेगळाच त्रास आहे. आपल्याकडं बायका बोलताना "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात, घराघरात म्हणतात, बोलताना मीपण येतोच म्हणतो. तुमची खानापूरची नायिका फाटकात उभी राहून "थांब, मी येतो" म्हणाली की पुण्याचा मुद्रितशोधक तिथं इमानेइतबारे "येते" करून टाकतो, "खरं मला तो आवडतोय" मधल्या "खरं" चं "पण" करतो, "काय करालीस" चं "काय करतेस" करतो, आणि पुस्तक हातात येईपर्यंत तुमची नायिका सदाशिव पेठेत राहायला गेलेली असते. त्यामुळं फाइल देताना सोबत एक पान जोडा, संवादातली कुठली रूपं मुद्दाम ठेवलीत त्याची यादी, आणि वर स्पष्ट लिहा की निवेदन प्रमाण मराठीत, अवतरणचिन्हाच्या आत हात लावायचा नाही. मग तुम्ही पण एक पथ्य पाळायचं, नायिका पहिल्या प्रकरणात "येतो" म्हणत असेल तर विसाव्या प्रकरणात, चिडल्यावर सुद्धा, "येतो"च म्हणाली पाहिजे.

हिरो कन्नड बोलणारा असेल (असतोच, आपल्याकडं अर्ध्या प्रेमकथा तिथंच अडतात) तर त्याची वाक्यं देवनागरीत लिहा आणि अर्थ समोरच्याच्या उत्तरातून कळू द्या. आणि एखाद्या कन्नड मैत्रिणीला ती वाक्यं मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही सिनेमात ऐकून "ऊटा आयता?" लिहिलेलं असतं आणि ती सांगते की बैलहोंगलचा पोरगा असं कशाला बोलेल, तो "ऊटा आतेन्री?" म्हणणार.

अजून एक, सिनेमाची गाणी. प्रेमकथेत गाणं येतंच, पण गाण्याच्या ओळी जशाच्या तशा छापायच्या असतील तर हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची परवानगी लागते. भारतात लेखक-कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे आपल्याला आवडणारी बहुतेक गाणी अजून त्यात येतात. "रेडिओवर जुनं गाणं लागलं होतं" एवढ्यावर भागवा.

टोपणनाव घ्यायचं का

घेऊ शकता, पुष्कळ जणी घेतात, शाळेत शिकवणाऱ्या तर हमखास. पण त्यातल्या खाचा बघून घ्या. पुस्तकावर नाव "अमुक तमुक" आणि विक्रीच्या टेबलावर क्यूआर कोड स्कॅन केला की फोनवर तुमचं पासबुकातलं खरं नाव झळकतं, झालं, दुसऱ्या दिवशी अनगोळपासून वडगावपर्यंत माहीत. नाव खरंच लपवायचं असेल तर पैसे दुसऱ्या कुणाच्या खात्यावर घ्या, किंवा विक्री पूर्ण दुकानदाराकडं सोपवा. करारात आणि आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या) अर्जात मात्र खरं नाव लागतं.

दुसरी भानगड म्हणजे "ही तुझीच गोष्ट का गं?" हे विचारणारच. नवऱ्याला विचारणार, सासूबाईंना विचारणार. घरच्यांना पुस्तक छापून यायच्या आधी वाचायला द्या, निदान त्यातलं काय काय आहे ते सांगून ठेवा, म्हणजे लग्नाच्या पंगतीत कुणी टोमणा मारला तर त्यांना धक्का बसणार नाही. आणि गावातल्या खऱ्या माणसावरून पात्र घेतलं असेल तर नुसतं नाव बदलून चालत नाही हो, गल्ली, धंदा, गाडी, किती भावंडं, हे पण बदला. "सर्व पात्रं काल्पनिक" ही ओळ टाका, पण येळ्ळूरच्या माणसाला त्याचं घर ओळखू आलं तर त्या ओळीनं भांडण थांबत नाही.

प्रकाशक की स्वतः

मोठ्या प्रकाशकाकडं पाठवायचं असेल तर पाठवा, सहा महिने-वर्ष वाट बघायची तयारी ठेवा. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, साधारण १० टक्क्यांच्या आसपास बोलतात. मधला प्रकार म्हणजे "पैसे तुम्ही घाला, नाव आमचं" वाले, यात चांगले पण आहेत आणि नुसते पॅकेज विकणारे पण. त्यांना सरळ विचारा, नक्की किती प्रती छापणार, छापखान्याचं बिल दाखवणार का, लेखकाला किती प्रती, दुकानात कोण पोचवणार, हिशोब कधी देणार. शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर गोलगोल आलं तर चहा पिऊन उठा.

करार लेखीच पाहिजे. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम १९ एकदा वाचा, फार अवघड नाही. हक्क कुणाला देताय ते सहीनिशी लिहिलेलं लागतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात. म्हणून "सर्व हक्क" असा एकच शब्द दिसला की थांबायचं. छापील मराठी आवृत्तीचे हक्क द्या, पाच वर्षांसाठी द्या, पण ऑडिओ, ई-बुक, वेबसिरीज आणि अनुवादाचे हक्क स्वतःकडं ठेवा. आपल्या भागातली गोष्ट कन्नडमध्ये जायची शक्यता खरोखर असते, तो हक्क उगाच देऊन बसू नका. कॉपीराइट नोंदवला नाही तरी लिहिल्यापासून तुमचाच असतो, नोंदणी ऐच्छिक आहे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना असते, त्यात कादंबरी पण चालते. जाहीर झाली की रहिवासाची अट नीट वाचा, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांना कुठली सवलत आहे ते बघा, आणि मंडळात फोन करून खात्री करून मगच अर्ज करा. अनुदानासाठी हस्तलिखित आधी द्यायचं असतं, त्यामुळं छापून बसलात तर संधी गेली.

स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन स्वतःच घ्या. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडं ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक-प्रकाशक म्हणून मिळतो, आणि सरकार त्याचा एक रुपया घेत नाही. मधला कुणी "आयएसबीएन चार्ज" लावत असेल तर तो त्याच्या श्रमाचा आहे हे समजून द्यायचे तर द्या. छपाईच्या बरंच आधी अर्ज टाका, नंबर मिळाल्याशिवाय शेवटचं कव्हर होत नाही.

डीटीपी, कागद, पाऊस

इथं सगळ्यात जास्त पुस्तकं बिघडतात म्हणून जरा सविस्तर. तुम्ही फोनवर किंवा लॅपटॉपवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं, डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावणारा, ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करतो, आणि त्यात अक्षरं बदलतात. "वाऱ्याची झुळूक" चं "वार्याची झुळूक" होतं, "दुसऱ्या" चं "दुसर्या", "ॲक्टिवा" तला ॲ गायब, अवतरणचिन्हं उलटी. म्हणजे तुम्ही तीन वेळा तपासलेली फाइल कन्व्हर्ट झाल्यावर परत पहिल्यापासून वाचावी लागते, आणि ती कागदावर प्रिंट काढूनच वाचा, स्क्रीनवर डोळा फसतो. युनिकोडमध्येच पान लावणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, बेळगावात आता मिळतात, चौकशी करा. काही झालं तरी ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि जोडाक्षरं यांच्यासाठी एक वेगळी फेरी ठेवा.

पानांची संख्या १६ च्या पटीत बसवायची, एक फर्मा म्हणजे १६ पानं. मजकूर १९४ पानं होत असेल तर दोन पानं कापून १९२ करा, १२ फर्मे झाले, नाहीतर उरलेल्या कोऱ्या पानांचे पैसे तुमचेच. आत ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड कागद घ्या, पांढराशुभ्र डोळ्याला टोचतो, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. प्रती २०० च्या आत असतील तर डिजिटल छपाई परवडते, ५०० च्या वर गेलात तर ऑफसेट. पहिल्यांदा १५०-२०० डिजिटल काढा आणि गेल्या तर परत काढा, असं माझं मत आहे, एकेक प्रत दहा-वीस रुपयांनी महाग पडली तरी चालेल.

पावसाळ्यात छापू नका. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस माहीत आहे ना, कागद ओल धरतो, बाइंडिंगचा गोंद नीट वाळत नाही, कव्हर वर वळतं. दिवाळीनंतर छापा आणि गठ्ठे फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा. कोल्हापूरला छापत असाल (दर बरे मिळतात कधीकधी) तर पुस्तकं प्रकाशनाच्या निदान आठवडाभर आधी बेळगावात आणून ठेवा, सीमाप्रश्नावरून काही पेटलं की एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं येत नाहीत, आणि तुमचं प्रकाशन पुस्तकाशिवाय होणार. आणि कोटेशन घेताना जीएसटी धरून की वेगळा ते विचारा, पुस्तकविक्रीवर कर नाही पण छपाईच्या बिलात तो असतो.

किंमत काढताना दुकानदाराचं आणि वितरकाचं कमिशन आधी वजा करा. समजा किंमत २५० ठेवली, ४० टक्के त्यांचे म्हणजे १०० गेले, छपाईचे ९० गेले, उरले ६०, त्यातच कव्हर, मुद्रितशोधन, हॉल आणि फुकट वाटलेल्या प्रती. स्वतः टेबलावर विकलं तर २०० ला देऊन सुद्धा ११० उरतात. म्हणून म्हणते, हातोहात.

तारीख आणि सोहळा

१ नोव्हेंबर आणि त्याच्या आजूबाजूचे दिवस टाळा, तिकडं राज्योत्सव आणि इकडं काळा दिन, जास्त सांगायला नको. डिसेंबरात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये असलं की रस्ते बंद, मोर्चे, लॉज फुल्ल, ते पण टाळा. भाताच्या सुगीत खेड्यातलं कुणी येणार नाही, मार्च म्हणजे परीक्षा. राहिला जानेवारी-फेब्रुवारी, तेच बरं.

रविवारी दुपारी चारला ठेवा, सातला नको. तुमच्या वाचक बायका आहेत, त्यांना शेवटची बस धरायची असते आणि घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात. व्यासपीठावर दोन वक्ते पुरेत. आपल्याकडं सत्कारालाच तास जातो, शाल श्रीफळ पुष्पगुच्छ, तो बळंच कापा. कादंबरीतला एक उतारा वाचून दाखवा, पाच मिनिटांचा, भांडणाचा वाचा, पावसातला नको, पहिल्या रांगेत मामंजी बसलेले असतात. उतारा अर्धवट तोडा, म्हणजे पुढं काय झालं ते बघायला पुस्तक घेतील. विक्रीचं टेबल दाराजवळ, सुट्टे पैसे भरपूर, आणि टेबलावर नातेवाईक नको, ते सवलत देत सुटतात.

बाहेर बॅनर लावणार असाल तर महापालिकेची परवानगी काढा आणि वर कन्नड मजकूर पण ठेवा, उगाच पुस्तकाच्या आधी बॅनरची बातमी नको. बातमी स्वतः दीडशे शब्दांत लिहून फोटोसकट तरुण भारत, पुढारी, रणझुंजार यांच्या बेळगाव कार्यालयात नेऊन द्या. परीक्षणासाठी प्रत देताना आत एक कागद ठेवा, किंमत, पानं, कुठं मिळेल, फोन.

विक्री

थंडीत आपल्याकडं ग्रामीण साहित्य संमेलनं असतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, कारदगा, ग्रंथदिंडीपासून संध्याकाळच्या कविसंमेलनापर्यंत दिवसभर माणूस असतं. आयोजकांना महिनाभर आधी भेटून टेबल मागा. तिथं कुणी विद्वान "प्रेमकथा लिहिता काय" असं तोंड वाकडं करेल, करू दे, त्याचीच सून परत जाताना एक घेऊन जाते.

हळदीकुंकवाचा उपयोग करून घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटतात. २५० ची कादंबरी कुणी वाण म्हणून देणार नाही, पण पहिलं प्रकरण एका फर्म्यात, म्हणजे १६ पानांच्या पुस्तिकेत, छापून घेतलंत तर अगदी स्वस्तात पडतं आणि ते वाण म्हणून आवडीनं नेतात. प्रकरण अशा ठिकाणी संपलं पाहिजे की रात्री झोप लागू नये, शेवटच्या पानावर तुमचा नंबर आणि किंमत.

वाचनालयांना विसरू नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, तिथं आणि तुमच्या गावच्या वाचनालयात एक-एक प्रत द्या, फुकट द्यावी लागली तरी द्या. प्रेमकादंबरी वाचनालयात महिनोनमहिने फिरते, आणि वाचून आवडलेली बाई मैत्रिणीच्या वाढदिवसाला विकत घेते. कायद्यानं पण काही प्रती द्याव्या लागतात बरं का, १९५४ च्या कायद्याप्रमाणं प्रकाशकानं प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, म्हणून कुणी घाबरत नाही, पण पाठवा, तुमचं पुस्तक देशाच्या नोंदीत राहतं.

दुकानात प्रती ठेवताना पावती घ्या, किती दिल्या, किती कमिशन, हिशोब कधी. विकल्यावर पैसे असाच व्यवहार असतो, आणि तुम्ही विचारल्याशिवाय कुणी फोन करत नाही.

ई-बुक अमेझॉनच्या केडीपीवर (आपलं पुस्तक आपणच काढायच्या सेवेवर) मराठीत काढता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे असेल तर त्यांच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि त्यात अट अशी की ९० दिवस ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडं कुठंच नसलं पाहिजे. म्हणजे प्रतिलिपीवरचे भाग काढावे लागणार, व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरवायची नाही. पीडीएफ तशीही कुणालाच देऊ नका, अगदी सख्ख्या मावशीला पण नको, ती कौतुकानंच ग्रुपवर टाकते.

प्रकाशनानंतर लगेच दहा प्रती कपाटात बाजूला ठेवा, पुरस्कारांना पाठवायला लागतात. महाराष्ट्र शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी वेगळा विभाग आहे, आणि संस्थांचे पुरस्कार पण दोन-तीन प्रती मागतात. तेव्हा शोधायला गेलं तर एकही शिल्लक नसते. आणि डीटीपीवाल्याकडून शेवटची ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती), फॉन्टसकट, पेनड्राइव्हवर त्याच दिवशी मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तो म्हणणार संगणक फॉरमॅट मारला, आणि तुम्हाला सगळं परत पहिल्यापासून वाचत बसावं लागणार, वाऱ्याच्या झुळकेसकट.